जवळपास सर आणि एक मार्क

सरांसमोर ‘सारखंच’ हा शब्द टिकत नसे. धामणकर नाक्यावरच्या चहावाल्याने दोन कटिंग पुढे करून “सर, दोन्ही सारखेच भरलेत” म्हटलं, की सर ग्लास उजेडात धरून सांगत, “जवळपास.” भिवंडीतल्या एका कॉलेजात त्यांनी निवृत्तीपर्यंत भौतिकशास्त्र शिकवलं. विद्यार्थी त्यांना जवळपास सर म्हणत. ते त्यांना माहीत होतं.

सर मूळचे भिवंडीजवळच्या वडपे गावचे, शेतकरी घरातले. भावांच्या भातखाचरांवर गोदामं उभी राहिली. सर नारपोलीत दोन खोल्यांत राहिले. वर्गात ते प्रमाण मराठी बोलत. राग आला की गाव बाहेर येई: “हाय त्ये हाय, न्हाय त्ये न्हाय.”

तिसऱ्या वर्षाला अणुकेंद्र शिकवायची वेळ आली की ते अख्खा वर्ग ओळखीच्या रफीकभाईंच्या यंत्रमाग कारखान्यात नेत. तिथे लूम जोडीने समोरासमोर असत, एक डाव्या हाताचा, एक उजव्या हाताचा, म्हणजे मध्ये उभा राहून एकच विणकर दोन्ही सांभाळू शकतो. त्या जोडीमध्ये उभे राहून सर ओरडून सांगत, “हे ट्रायटियम. एक प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन. हे हेलियम-तीन. दोन प्रोटॉन, एक न्यूट्रॉन. आरशातली जोडी.” हेलियममधले दोन प्रोटॉन एकमेकांना ढकलतात, म्हणून त्याची बांधणी जरा सैल. हे विजेचं ढकलणं वजा केलं की दोघांची बांधणी सारखी यायला हवी. येत नाही. किंचित फरक उरतो, कारण प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मुळातच तंतोतंत सारखे नाहीत. न्यूट्रॉन थोडा जड, हजारात दीड भागही नाही. “हेच उलटं असतं, तर हायड्रोजन टिकला नसता. पाणी नाही, आपण नाही, रफीकभाईंचा चहा नाही.”

रफीकभाई हसत. “सर, आँख बंद करके बता दूँ कौन सा लूम चल रहा है. आवाज़ में फ़र्क है.”

“ऐका,” सर वर्गाकडे वळत. “यांना पुस्तक लागलं नाही.”

एका वर्षी रफीकभाईंची मुलगी रुखसारही त्या वर्गात होती. त्या वर्षीच्या अंतर्गत परीक्षेत बरोबर की चूक असा प्रश्न आला: विजेचा भाग वगळला, तर दोन प्रोटॉनमधलं आणि दोन न्यूट्रॉनमधलं बल अगदी समान असतं. रुखसारने लिहिलं, ‘चूक. जवळपास समान असतं.’ पेपर दुसऱ्या प्राध्यापकांनी काढला होता, त्यांचं आदर्श उत्तर होतं, ‘बरोबर.’ ती त्या एका मार्काने नापास झाली.

सरांनी अर्ज केला. प्राचार्य म्हणाले, “एका मार्कासाठी कॉलेजचं आदर्श उत्तर चुकीचं ठरवायचं का, सर?”

“ठरवायचं कशाला? चुकीचं हाय.”

“आम्हाला सगळे विद्यार्थी समान आहेत.”

“जवळपास,” सर म्हणाले.

चौकशी झाली. समितीतल्या तिघांपैकी एकानेही उत्तर चूक की बरोबर हे तपासलं नाही. आदर्श उत्तर बदलण्याची तरतूद नाही, एवढं त्यांनी तपासलं. मग तडजोड पुढे आली: अर्ज मागे घ्या, मुलीला ग्रेस मार्क देतो. सर रुखसारला म्हणाले, “पोरी, तू ठरव. माझं मत विचारू नकोस.” तिने विचारलं नाही. ग्रेस नाकारला. तिचं वर्ष गेलं, आणि सरांकडून प्रश्नपत्रिकेचं काम काढून त्यांना प्रयोगशाळेतल्या मोडक्या उपकरणांची यादी करायला बसवलं.

सर ही बातमी घेऊन आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत आले. ती मी लिहिली. डेस्कने परत केली: एका मार्काची बातमी होत नाही. मी भांडलो नाही. सर म्हणाले, “तुमचीपन आदर्श उत्तरं ठरलेली हायत.”

रफीकभाई कारखान्याच्या दारात त्यांना एवढंच म्हणाले, “सर, बात आप की सही थी. साल मेरी बेटी का गया.” पुढचं वर्षभर दर रविवारी सर कारखान्याच्या पोटमाळ्यावर रुखसारला शिकवायला जात राहिले. ती पास झाली. पण त्या वर्षात तिला पुढे शिकवायचा घरच्यांचा विचार फिरला होता, एम.एस्सी. राहिली ती राहिलीच.

सर गेले तेव्हा कॉलेजने शोकसभा घेतली. त्यांनी सर्वांना समान मानलं, असं एका वक्त्याने सांगितलं. मागच्या बाकावरून रुखसार स्पष्ट आवाजात म्हणाली, “जवळपास.” कोणी हसलं नाही.

आता ती नारपोलीत शिकवणी घेते. यंदाच्या प्रश्नसंचात तोच प्रश्न आहे, उत्तरही तेच. परवा तिच्याकडे गेलो होतो. एका मुलीने विचारलं, “मॅडम, मार्क कापतील. काय लिहू?”

“खरं आहे ते लिही. कापला तर इथे ये. ग्रेस घ्यायचा की नाही, ते तू ठरव.”

मग तिने टेबलाचा खण उघडून मला सरांच्या अर्जाची नक्कल दाखवली. मजकूर शब्दन् शब्द तोच. विद्यार्थिनीच्या नावाची जागा तेवढी तिने कोरी ठेवली आहे.