मी स्वतःच लिहिलेला राजीनामा

नोकरीला वर्ष व्हायच्या आत मी माझ्या हाताने राजीनामा लिहून दिला, आणि मला ते कळलंसुद्धा नाही. वर खुशीत घरी येऊन तीन दिवस लोळले. नातवंडं मला शहाणी समजतात, म्हणून एकदाचं सांगून टाकते.

तेव्हा मी तेवीस वर्षांची, जळगावकडून लग्न होऊन सुरतेत आलेली. भेस्तानला राहायचे, लिंबायतमधल्या एका छोट्या मराठी शाळेत शिकवायचे. ‘मी परदेशात शिक्षिका आहे,’ असं बहिणीला पत्रात लिहायचे. सकाळी गाडीत बसलं की दुपारच्या जेवणाला माहेर, असला परदेश!

आणि परदेशी बाईला परदेशी भाषा नको? भाजीवालीशी घासाघीस जमली एवढ्यावर हिला, म्हणजे मलाच, वाटलं, गुजराती आपण कोळून प्यायलो.

उन्हाळ्याची सुट्टी सोमवारपासून होती. हिला शनिवारही हवा. मोठे सर गुजराती, पण मराठी झकास वाचायचे. बाकीच्या बाई मराठीतच अर्ज द्यायच्या. हिने मात्र ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘मने शनिवारथी छूटी करशो.’ सुट्टी, छुट्टी, छूटी... फरक तो काय!

सरांनी वाचलं, चष्मा काढला. “पक्का विचार केला ने, बेन?”

“हो सर. घरीपण विचारलंय.”

घरी विचारलंय! सासूबाई पहिल्या दिवसापासून ही नोकरी सुटायचीच वाट बघत होत्या. मी भांडून मिळवलेली ती एकच गोष्ट. ती गेली असती तर पुन्हा उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं नसतं.

पण बयेचा थाट बघा. सकाळी नऊपर्यंत लोळायचं, मग नाश्त्याला गरमागरम सुरती लोचो मागवायचा. डोक्यावर तेल थापून दारात खुर्ची टाकायची आणि जवळच्या सचिन गावातल्या कारखान्यात निघालेल्या शेजारणींना ऐकवायचं, “आम्हाला बाई सुट्टी लागली!” चेहरा असा, की सुट्टीचा शोध हिनेच लावलाय.

तिसऱ्या दिवशी शाळेतल्या आयाबाई रिक्षाने आल्या. आमच्याच खानदेशच्या, बोलणं अहिराणी. “काय व बाई, शाळा सोडी दिनी का तू? सर नवी बेन देखी ऱ्हायनात. तुनं कपाट रिकामं कर म्हने.”

सासूबाईंनी आतून कान टवकारले. मी तशीच, तेलाच्या डोक्याने, त्याच रिक्षात.

सरांनी माझाच कागद माझ्यापुढे सरकवला. “आमां चोख्खुं लखेलुं छे, स्वच्छ लिहिलंय. छूटी करो, म्हणजे नोकरीतून मोकळी करा.”

“मला शनिवारची फक्त सुट्टी हवी होती, सर,” एवढं म्हणताना परदेशी बाईंचा आवाज चिरकला. तेल कपाळावरून डोळ्यात उतरत होतं. रडू कुठलं आणि तेल कुठलं, मलाच समजेना.

सरांनी तो कागद परत ओढून घेतला. मग त्याचे चार तुकडे करून टोपलीत टाकले, कोरा कागद पुढे केला, आणि म्हणाले, “बेन, तमे मराठीमां ज सारां लागो छो.” म्हणजे, तुम्ही मराठीतच शोभता!