पहिला थांबा चलथाण

मी साड्यांना खडे चिकटवायचं काम बायकांच्या घरी पोचवते. सकाळी मोपेडवर गठ्ठे बांधून निघायचं, उधना, दिंडोली, नवागाम, दिवसाला वीस-बावीस घरं. म्हणून रस्ता दाखवणारं अ‍ॅप कसं निवडावं हे मला कुणी शिकवायची गरज नाही. तीन वापरून बघितली. पहिलं दहा पत्ते घेऊन हात वर करायचं. दुसरं ऐन पुलावर जाहिरात लावायचं. तिसरं मात्र गुणाचं. सगळे पत्ते एकदम टाका, जवळचं आधी, लांबचं नंतर, क्रम ते स्वतःच लावतं. तासभर तरी वाचायचा. साऱ्या गल्लीला मी तेच घ्यायला लावलं.

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिका वाटायलाही तेच काढलं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, म्हणून कन्यादान जेठ-जेठाणींनी, म्हणजे थोरल्या दीर-जावांनी करायचं, हे मी मनात धरूनच होते. विचारायचं तेवढं बाकी होतं. जेठ चलथाणला राहतात, साखर कारखान्यातून रिटायर झालेत. आमच्यात देवापुढे पत्रिका ठेवली की दुसरी घरच्या थोरल्याला. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. पण बटण दाबलं, चलथाण लांब म्हणून शेवटी गेलं, आणि मी अ‍ॅपच्या मागे निघाले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

चलथाणला पोचले तेव्हा चार वाजले होते. त्याआधीच त्यांना नवागामहून नणंदेचा फोन येऊन गेला होता, पत्रिका छान छापली म्हणून. जेठाणीने पाणी दिलं, चहाचं विचारलं नाही. जेठांनी पत्रिका न उघडताच बाजूला ठेवली. मी अ‍ॅपचं सांगायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं.

"मोबाइलले काय माहीत, घरमा मोठं कोण शे? तुले तं माहीत व्हतं ना?"

कन्यादानाचं कुठल्या तोंडाने काढणार? लाज वाटली, आणि स्वतःचाच भयंकर राग आला. दादा, चुकलं माझं, एवढंच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी वाटायच्या अठरा पत्रिका पिशवीत होत्या. त्या काढून त्यांच्यापुढे ठेवल्या आणि म्हटलं, आता क्रम तुम्ही सांगा. त्यांनी चष्मा लावला. आधी उधन्याची आत्या, मग दिंडोलीचे चुलते, मग परत उधन्यात आत्याच्या शेजारच्या गल्लीतला भाचा, कारण तो धाकटा. मी बोटाने एकेक नाव वर-खाली सरकवत होते. अ‍ॅप सारखं विचारत होतं, जवळचा रस्ता लावू का? मी दर वेळी नको दाबलं. किलोमीटर जवळजवळ दुप्पट झाले. होऊ देत म्हटलं.

अठरावं नाव टाकून झालं तशी मी फोन बंद करायला गेले. जेठांनी हात धरला.

"थांब. सगळास्ना वर चलथाण टाक. सकाये रिक्षा लई ये, आम्ही दोन्ही बी येतस. पोरनं कन्यादान आमले करनं शे, मंग लोकेस्ले बलावाले आम्हीच जाऊत."

आत जेठाणीने चहा ठेवला होता.