लॅमिनेट केलेला अर्ज

कॉलेजात शिष्यवृत्तीच्या खिडकीमागे बसून बसून माझा आवाज कायमचा चढला आहे. दाखला जुना आहे, फोटो चिकटवा, झेरॉक्स कुठंय, असं दिवसभर चालतं. काल मात्र खिडकीतून एक चकचकीत अर्ज आत आला. एका मुलीच्या वडिलांनी अर्जाची प्रिंट चक्क लॅमिनेट करून आणली होती. प्लास्टिकवर माझं पेन नुसतंच घसरलं.

"अहो काका, यावर सही कशी करू? शिक्कासुद्धा बसणार नाही."

"बाई, गवंडीकाम करतो. हाताला सारखं सिमेंट. म्हटलं, कागद खराब नको व्हायला."

त्यांच्या शेजारी उभी असलेली मुलगी हसली, "दुसरी प्रिंट आणते," म्हणाली आणि गेलीसुद्धा. मी तो अर्ज रद्दीत टाकायला उचलला, तर काकांनी हात पुढे केला.

"टाकू नका. भिंतीला लावतो."

"यावर ना सही, ना शिक्का. उपयोग काय याचा?"

"तिचं नाव आहे की. आणि खाली कॉलेजचं."

इतकी वर्षं मला वाटायचं, या कागदावर लोक आपली गरज लिहून देतात. काकांनी त्यात आपली लेक वाचली होती.

मुलगी नवी प्रिंट घेऊन आली. एरवी मी शिक्का कसाही आपटते. काल कागद सरळ केला, शाई बेतानं लावली आणि तिच्या नावाला डाग लागणार नाही असा शिक्का मारला.