आधीचं जेवण

अमडापूरच्या दयाराम आचाऱ्याला लोक कंजूष म्हणत. लग्न दुसऱ्याचं, धान्य दुसऱ्याचं, पण जीव जळायचा याचा! मी त्याच्याकडे वाढपी होतो. "लागन तेवढंच घ्या बाप्पा," म्हणत तो पंगतीत फिरायचा. मग बुफे आला आणि त्याचं ऐकणारं कोणी उरलं नाही. लोक ताट शिगोशीग भरून घेत आणि अर्धं टाकून देत. निदान पातेल्यातलं, कोणी हात न लावलेलं अन्न तरी खड्ड्यात जाऊ नये, एवढाच त्याचा हट्ट राहिला.

एका लग्नात मसालेभात उरला. पातेलं सायकलला बांधून दयाराम बौद्ध वस्तीत तानाबाईच्या दारात गेला. वीस वर्षं ती आमच्याबरोबर भांडी घासायला यायची.

"उरलं होतं तानाबाई. म्हटलं, तुमच्या लोकाईले देऊ."

तानाबाईनं पातेल्याकडे पाहिलंही नाही.

"माही आजी मांडवामागं असंच घ्याले बसे, दयारामभाऊ. आमी ते सोडलं. जेवाले बोलावलं असतं त आलो असतो. उरल्यावरच काऊन आठोन येते आमची?"

वीस वर्षांत तिला आम्ही एकदाही पंगतीत बसवलं नव्हतं. "शिताची कदर केली, माणसाची नाही केली," मी त्याला तोंडावर म्हणालो. जसा काही मी धुतल्या तांदळाचा! तो रडला. माझी मला लाज वाटली.

पुढचं लग्न शेषराव पाटलांकडे होतं. पाहुणे जेवायला बसण्याआधीच दयारामनं वस्तीसाठी पाच डबे भरले आणि तानाबाईला म्हणाला, "हे उरलेलं नाही. आधीचं आहे."

तिनं पदराला हात पुसले. डबा उचलणार, तेवढ्यात पाटील आले.

"पाहुण्याईच्या आधी? डोकं फिरलं का बे तुहं?"

पाचही डबे तिच्यादेखत परत पातेल्यात ओतायला लावले. दयारामनं ओतले. त्यालाही पोट होतंच. मी शेजारीच उभा होतो, पातेलं धरून.

दुपारी जेवणं उरकली. पाटलांचा राग केव्हाच गेला होता.

"तानाबाई, लय उरलं वो. ने आता, पोरासोरांले होईन."

दयारामनं पातेलं उचललं, मांडवामागं गेला आणि सगळं खड्ड्यात पालथं केलं. तानाबाईनं त्याच्या हातातून ते पातेलं घेतलं आणि घासायला बसली.