फोनवरून मोटर ऐकणारे मिस्त्री

नामदेव मिस्त्री माझ्याकडे पहिल्यांदा आले ते एका मोटरीला फोन लावायला. तळेगावच्या स्टँडसमोर माझा एसटीडीचा बूथ नुकताच सुरू झाला होता. पिवळी पाटी, काचेची पेटी आणि आत एक स्टूल, एवढाच पसारा. शेजारच्या गाळ्यात मिस्त्री जळलेल्या मोटरींचं वाइंडिंग करायचे, पण तोवर आमचं बोलणं रामरामपुरतंच होतं. ते पेटीत शिरले, नंबर फिरवला आणि पलीकडच्या शेतकऱ्याला म्हणाले, "मोटर चालू हाय का जी? मंग रिशिव्हर खिडकीतून बाहेर काढा न तिच्याकडं धरा. तुमी बोलू नका." मग डोळे मिटले, मोकळ्या कानावर हात दाबला आणि मिनिटभर नुसते ऐकत राहिले. बाहेर रांगेतला एक माणूस माझ्याकडे बघून कपाळाजवळ बोट फिरवत होता. मिस्त्री बाहेर आले आणि जणू मीच विचारलं होतं अशा थाटात मला म्हणाले, "बाईचं बेअरिंग गेलं. आठ दिसात जळन."

बाई म्हणजे मोटर. त्यांच्या लेखी सगळ्या मोटरी बायाच होत्या. कोणी दमून राह्यली होती, कोणाला ताप चढला होता, कोणी रुसून बसली होती. दुपारच्या एसटीनं मिस्त्री पिशवीत नवं बेअरिंग घालून त्या गावाला गेलेसुद्धा. दुसऱ्या दिवशी मी न राहवून विचारलं, की जळू दिली असती तर तुम्हाला वाइंडिंगचं मोठं काम मिळालं असतं ना? ते ओशाळल्यासारखे हसले. "भेटलं असतं. पन जळकी मोटर पाहून मले कधी बरं नाई वाटलं, आता काय करू?" अशा माणसानं वाइंडिंगचं दुकान काढावं हाच मला मोठा विनोद वाटला. बारीक अंगाचे, गळ्यात दुपट्टा, खिशात टेस्टर, हाताला कायम वार्निशचा वास. चहा पितानासुद्धा मान एका बाजूला कलती, कुठली तरी मोटर ऐकत असल्यासारखी.

पुढे मोबाइल आले आणि माझा बूथ बसला. ज्याच्या त्याच्या खिशात फोन, मग काचेच्या पेटीत घाम गाळायला कोण येतो? दिवसभरात एखादा म्हातारा यायचा, तोही सुटे मागायला. मी शटर कायमचं खाली ओढायच्या बेतात होते, तेव्हा मिस्त्री एक डबा घेऊन आले. स्टार्टरच्या डब्यात एक जुना मोबाइल बसवला होता. नागपूरच्या एका ओळखीच्या कारागिराकडून आतलं सर्किटचं कार्ड बनवून आणलं होतं आणि बाकीची जोडणी यांची. लाईन आली, म्हणजे वीज आली, की डबा स्वतःहून एक रिंग द्यायचा. तुम्ही त्याला रिंग दिली की मोटर सुरू, आणि मोटर उचलली, म्हणजे फिरू लागली, किंवा बंद पडली की पुन्हा डब्याची रिंग. शेतकरी घरी बसून विहिरीवरची मोटर चालवू शकत होता. मिस्त्रींचा आनंद पोटात मावत नव्हता.

पहिल्या हंगामात डबे बरे खपले. दुसऱ्या हंगामात मोठ्या शहरातले तसेच डबे याहून स्वस्तात बाजारात आले आणि मिस्त्रींचे सतरा डबे फळीवर धूळ खात पडले. मला वाटलं, माझ्यामागोमाग आता यांचंही शटर खाली येणार. मिस्त्री मात्र फळीकडे बघतसुद्धा नव्हते. जे डबे आधी विकले होते ते त्यांनी दुकानातल्या फोनलाही जोडून ठेवले होते, सवय म्हणून, मोटरींची तब्येत कळावी म्हणून. एक दिवस सकाळी दहाला लाईन आली आणि दुकानातला फोन एका दमात इतक्यांदा वाजला की टेबलावरून खाली पडला. मिस्त्रींनी तो उचलला, पुसला आणि म्हणाले, "शोभाबाई, ह्या साऱ्या बाया एकाच वक्ताले उठून राह्यल्या."

आमच्याकडची ती जुनीच रीत होती. लाईन कधी येईल याचा नेम नाही, म्हणून प्रत्येकानं स्टार्टरवर ऑटोचं बटण बसवून घेतलेलं. वीज आली की मोटर आपोआप सुरू. स्वतःपुरता प्रत्येकजण शहाणा. पण एका डीपीवर, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवर, अकरा विहिरी, आणि अकराही विहिरींवरच्या मोटरी एकाच क्षणी उठल्या की ओढ एवढी पडायची की टोकाच्या विहिरीपर्यंत दमच पोचायचा नाही. टोकाची मोटर नुसती घरघरायची आणि जळायची. एखाद्या उन्हाळ्यात डीपीच जळायची, मग नवी बसेपर्यंत साऱ्यांचीच झाडं तहानलेली. वीस वर्षं मिस्त्री त्याच त्या टोकाच्या मोटरींचं वाइंडिंग पुन्हा पुन्हा भरत होते. कारण त्यांना त्या सकाळी फोन खाली पडल्यावर उमगलं. "डबा काय कोनीबी इकते," ते म्हणाले. "डबा काय सांगून राह्यला, थे ऐकाले मानूस लागते. तुमी पंधरा वर्षं दुसरं काय केलं? बसा माह्या दुकानात."

नाल्याकडच्या डीपीवरच्या अकरा जणांना त्यांनी देवरावजींच्या अंगणात जमवलं. देवरावजी त्या भागातले मोठे बागायतदार, दोन मोठ्या मोटरी आणि विहीर डीपीला अगदी लागून. टोकाला रुखमाबाईंचा दीडशे संत्र्यांचा बगीचा, नवऱ्यामागं एकट्यानं सांभाळलेला, आणि मागच्या उन्हाळ्यात तीनदा जळलेली मोटर. मिस्त्री उभे राहिले आणि म्हणाले, "माहे आजोबा सुतार होते. त्याइनं कोनाले नांगर इकला नाई. वर्षभर साऱ्याइचे नांगर चालते ठेवले, न खळ्यावर आपलं बलुतं घेतलं. मी थेच करतो म्हन्तो. डबा माहा, फुकट लावतो. मोटर वर्षभर चालती ठेवाची जबाबदारी माही. जळली तं वाइंडिंगचा पैसा नाई, न तवरिक माही मोटर तुमच्या विहिरीवर. बलुतं संत्रा तुटल्यावर द्या. फकस्त ऑटो काढा, न चालू कराची पाळी शोभाबाईवर सोडा."

मला त्यांनी याबद्दल आधी एका शब्दानं विचारलं नव्हतं. अकरा माना माझ्याकडे वळल्या आणि मी पदर सावरत, सगळं ठरवूनच आल्यासारखा चेहरा केला.

देवरावजी भडकले. "माही विहीर, माही मोटर, न चालू कवा कराची थे बाई ठरवन? न पाळी कशी?" मिस्त्रींनी शांतपणे सांगितलं, की टोकाकडून. रुखमाबाई पहिल्या, देवरावजी शेवटचे, मधे पाच-पाच मिनिटं. "तुमाले जोर पुरतेच जी, तुमी डीपीच्या मांडीवर बसून आहा. पाऊन तासानं काही बिघडत नाई." लोक हसले आणि हसण्यात देवरावजींनीही होकाराची मान हलवली. पण मला हसू येत नव्हतं, कारण मिस्त्रींच्या दुकानात उसनी द्यायला मोटर होती फक्त एक. एक जळली तर ते निभावणार होते. दुसरी जळली की शब्द मोडला, आणि या भागात मिस्त्रीचा शब्द मोडल्यावर त्याच्या दुकानात कोणी पाय ठेवला नसता. मी हे बोलून दाखवलं तर म्हणाले, "म्हनून तं तुमाले बसवलं. ध्यान देजा."

मी ध्यान दिलं. लाईन आल्याच्या अकरा रिंगा येऊन गेल्या की मी घड्याळ समोर ठेवून एकेकीला उठवायची. पंधरवड्यात मीही त्यांना बाया म्हणू लागले होते. झाडांवर आंबिया बहाराची बारीक फळं धरलेली, पाणी चुकलं की गळ ठरलेली, असे ते दिवस. आणि एका सकाळी लाईन आली, मी रुखमाबाईंच्या डब्याला रिंग दिली, तोच देवरावजींच्या डब्यावरून दोन्ही मोटरी उचलल्याची रिंग आली. मी तर त्यांना हातही लावला नव्हता. रुखमाबाईंची मोटर उचलल्याची रिंग आली आणि थोड्याच वेळात बंद पडल्याची. मिस्त्री मोपेडवरून पोचले तेव्हा विहिरीवरच्या मोटरीच्या खोपडीत जळका वास भरला होता. रुखमाबाई बांधावर बसल्या होत्या.

देवरावजींनी काढलेली ऑटो हळूच परत लावली होती. एरवी पहिल्या पाळीला रुखमाबाईंची म्हातारी मोटर एकटीच उठायची म्हणून जोर पुरायचा, पण त्या दिवशी ती आणि यांच्या दोन मोठ्या एकाच वेळी उठल्या. माझ्याकडे वेळेसकट सगळं लिहिलेलं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, आत्ता जाऊन चारचौघांत वही दाखवते. मिस्त्री जळक्या कॉइल उपसत होते, त्यांनी मान वर केली नाही. "नाई दाखवाची."

"काऊन नाई?" मी त्यांच्याच बोलीत भांडायला लागले होते.

"लोकाइनं डबा वावरात लावू देल्ला थो मोटरीची खबर द्याले. मानसाची खबर देऊ लागला, तं उद्या साऱ्याइचे डबे विहिरीत दिसन. मोटर माह्या हमीत जळली. मी भरतो."

"न पुन्हा जळली तं?"

"मंग दुकान गेलं," ते म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले.

आमची एकुलती एक उसनी मोटर त्याच दुपारी बैलबंडीत घालून रुखमाबाईंच्या विहिरीवर गेली आणि चारच्या सुमारास झाडांना पाणी लागलं. आता आमच्या हातात काही उरलं नव्हतं. मला मिस्त्रींनी एकच काम दिलं. अकराही जणांना फोन करून अक्षर न बदलता एकच वाक्य सांगायचं, की एका विहिरीवर ऑटो चुकून राहिली आहे, आपापली पाहून घ्या. रुखमाबाईंनाही तेच वाक्य. देवरावजींनाही तेच, त्याच आवाजात. ते मला किती जड गेलं ते माझं मला माहीत. पलीकडून देवरावजी म्हणाले, "बरं." मिस्त्रींशी मी नंतर तीन दिवस कामापुरतंच बोलले. इतका भला माणूस शेजारी असणं सोपं नसतं.

दुसऱ्या दिवशी लाईन आली. देवरावजींचा डबा लाईन आल्याची रिंग देऊन गप्प राहिला. मी शेवटी, त्यांच्या पाळीला रिंग दिली, तेव्हा कुठे त्यांच्या मोटरी उठल्या. त्याच्या पुढच्या दिवशीही तसंच. वार्निश वाळून रुखमाबाईंची मोटर परत जाईपर्यंत मी रोज उजाडल्यापासून फोनसमोर बसत होते. पण त्या उन्हाळ्यात दुसरी मोटर जळली नाही आणि डीपीही टिकली. संत्रा तुटल्यावर बलुतं सगळ्यात आधी रुखमाबाईंनी आणून दिलं, वर एक टोपली फळं. मिस्त्रींनी त्यातलं एक फळ तिथंच सोलून खाल्लं आणि सालीसकट वास घेत बसले.

मिस्त्री जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटी त्यांना दमा जडला होता, एक कानही पार गेला होता, आणि कानाचं दुःख त्यांना दम्यापेक्षा जास्त होतं. आता या कामाला मोठमोठी नावं आली आहेत, सूटबुटातली माणसं येऊन मला यंत्रांची जोडणी आणि त्यातला व्यापार समजावून सांगतात. मी ऐकून घेते. मला त्यातलं जे येतं ते मी एका दुपारी शिकले, तेवढं सांगते आणि थांबते.

त्या उन्हाळ्याच्या पुढच्या वर्षी एका दुपारी शेजारच्या डीपीवरचे नऊ जण मिस्त्रींच्या दुकानात आले. त्यांना योजना हवी होती, पण मनात शंका होती, आणि ती त्यांच्यातल्या एकानं बोलून दाखवली. "मिस्त्री, तुमच्या फोनात सारं समजते म्हन्ते. कोन कवा पानी देते, कोनाची विहीर आटली, कोनाची झाडं तहानली. उद्या संत्र्याच्या व्यापाऱ्याले थे समजलं, तं आमचा बगीचा तो मातीमोल मागन. तुमी नाई सांगनार कशावरून?" प्रश्न खरा होता. मिस्त्री चष्मा पुसत राहिले. नऊ जण एकमेकांकडे बघायला लागले आणि मला कळलं, आता हे उठणार.

देवरावजी पंपाचा वॉशर घ्यायला आले होते, कोपऱ्यातल्या बाकावर बसून होते. ते उभे राहिले. "मी सांगतो कशावरून," ते म्हणाले. "मांगच्या साली रुखमाबाईची मोटर जळली थे माह्यापाई. मी ऑटो ठेवली होती, चोरून. ह्या बाईले थे त्याच मिनिटाले समजलं. ह्या मिस्त्रीले समजलं. त्याइनं आपली मोटर देल्ली, आपल्या हातानं भरून देल्ली, न आजपावतर गावात कोनाच्या तोंडी माहं नाव नाई. मीच आज सांगून राह्यलो."

मिस्त्रींनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि देवरावजींकडे नवल वाटल्यासारखं पाहिलं.

"असं का जी?" ते म्हणाले. "मले तं आताच मालूम झालं."

मिस्त्रींच्या तोंडून मी ऐकलेलं ते एकच खोटं. देवरावजींच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते खाली बसले. नऊ जणांनी माझ्यापुढे येऊन एकेक करून आपले नंबर लिहून दिले.