तेल मिलच्या खो-खो संघाच्या मागे: लातूर ते नांदेड

टीव्हीवर खो-खोचा सामना चालू होता. निवेदक म्हणाला की आता कुठे या खेळात पगारी संघ आले. मी टीव्ही बंद केला आणि बॅग काढली. आम्ही पगारी होतो. लातूरच्या एका तेल मिलच्या शेठजींनी नऊ मुली आणि तीन राखीव अशा नोकरीवर ठेवल्या होत्या. हजेरीपटावर आम्ही शेंगदाणे निवडणाऱ्या होतो. प्रत्यक्षात सकाळ-संध्याकाळ मिलमागच्या मैदानावर असायचो आणि गावोगावच्या स्पर्धांना मिलच्या ट्रकमधून जायचो. कॉलेज करून मी चार वर्षं खेळले. लग्न होऊन नाशिकला आले, त्याच वर्षी भूकंप झाला. मिलच्या पत्त्यावर दोन पत्रं टाकली, उत्तर आलं नाही. संघ भूकंपात संपला, असंच मी आजवर सगळ्यांना सांगत आले. हा इतिहास कुणी लिहिलेला नाही, तर आपणच लिहावा असं ठरवलं. शेवटचं वाक्य निघण्यापूर्वीच लिहून ठेवलं होतं: संघ भूकंपात संपला.

नाशिकहून लातूरला रात्रीची बस घेऊ नका, पाठीचं भजं होतं. मी दिवसा गेले आणि संध्याकाळी उतरले. लातूरला जायचं तर क्लासच्या प्रवेशाचे दिवस टाळा, हा दुसरा सल्ला. लॉजच्या काउंटरवरच्या माणसाने वर न पाहता विचारलं, "विद्यार्थी कुठाय, मावशी?"

"विद्यार्थी नाही. मी एकटी आहे."

"मग कशाला आलाव लातूरला?" त्याला खरंच कळत नव्हतं. कारण सांगितल्यावर तो म्हणाला, "खो-खो? त्याचे क्लास हायेत का?" खोली मिळाली, जिन्याखालची. शेजारच्या खोलीत एक बाप आपल्या मुलीला बजावत होता की इथं मैत्रिणी करायला आलेलो नाही.

सकाळी चालत मैदान शोधायला निघाले. रिक्षावाल्याने कुठला क्लास विचारलं, चहावाल्याने नीट का जेईई विचारलं. मिलच्या जागी आता पाच मजली इमारत आहे. खाली क्लास, वर मुलींचं वसतिगृह, आणि आमचं मैदान होतं तिथे सायकलींच्या रांगा. आमचा उत्तरेकडचा खांब कुठे असेल याचा अंदाज घेत मी उभी राहिले, तर सुटलेल्या वर्गातल्या शेकडो मुली माझ्या दोन्ही बाजूंनी निघून गेल्या. कुणी धक्का दिला नाही आणि कुणी पाहिलंही नाही. फोटो एकच काढला. दुपारी गाड्यावर निलंगा राईस खाल्ला. तिखट आहे, ताक आधी मागवा.

लातूर-नांदेड एसटीने जा. चाकूर, अहमदपूर, लोहा असा रस्ता आहे, चार तास धरा, बायकांना अर्धं तिकीट. अहमदपूरला गाडी थांबते तेव्हा खाली उतरून पाय मोकळे करून घ्या, पुढे संधी नाही. मी खिडकीशी बसून गंगासागरचा विचार करत होते. आमच्या संघातली सगळ्यात वेगवान मुलगी. औसा तालुक्यातलं तिचं गाव भूकंपात गेलं. तिचा नंबर कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मिळाला होता. फोनवर एवढंच म्हणाली, "ये. विष्णुपुरीकडं शाळेच्या ग्राउंडवर ये, संध्याकाळी तितंच असते मी."

नांदेड स्टँडवरून विष्णुपुरीला शेअर ऑटो मिळतात. ग्राउंडच्या कडेला गळ्यात शिट्टी अडकवून एक जाड बाई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. मला पाहून ती उठली नाही. शेजारची खुर्ची पायाने पुढे सरकवली आणि म्हणाली, "वाळून गेलीस की गं." मी म्हटलं, तू माझ्या वाटणीचंही खाल्लेलं दिसतंय. ती हसली. आमचं बोलणं तिथून सुरू झालं.

मैदानात मुली सराव करत होत्या. ज्यांना खो-खो माहीत नाही त्यांच्यासाठी: आठ जणी दोन खांबांच्या मधल्या ओळीत उकिडव्या बसतात, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. नववी पळते. ती मागून येऊन पाठीवर हात ठेवून खो म्हणते, तेव्हाच बसलेलीने उठायचं. मी कायम खांबाजवळच्या चौकोनात बसायचे.

आणि मैदानातून ओरडा आला, "शकू! शकूला दे!"

मी खुर्चीतून अर्धी उठले. संघात मला शकू म्हणत. खांबाजवळची एक उंच, सावळी पोरगी उठून पळाली. पुन्हा डाव लागला, त्या जागी दुसरी बसली. पुन्हा तेच: "शकू उठव!"

गंगासागर समोर बघत म्हणाली, "भूकंपानंतर मिल बसली. नांदेडच्या एका मिलवाल्यानं आख्खी टीम उचलून आणली, अजून पाच वर्षं खेळलो. तुझ्या जागी नवी पोरगी आली. मला सवय, मी तिला शकूच म्हणायची. लई चिडायची ती. मग सगळ्याच म्हणायला लागल्या. ती गेली, दुसरी आली, ती बी शकू. आता ह्या शाळेच्या पोरीत बी तेच."

म्हणजे संघ संपला नव्हता. माझ्याशिवाय आणखी पाच वर्षं खेळला होता. कळवलं का नाहीस, असं मी जरा कडकच विचारलं.

"काय लिहिणार होते? घरातली कितीजण गेली ते?" ती शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिली. "लोक म्हणायचे, घर पडलं आन् ही खेळायली. पगार व्हता, शकू. आन् गावाकडं पत्र्याच्या शेडात बसले की उठूच वाटायचं न्हाई. हितं निदान कुणीतरी पाठीवर हात ठेवून उठवायचं."

मी माझी खुर्ची तिच्या खुर्चीला लावली.

सराव संपल्यावर ती उंच पोरगी पाणी प्यायला आली. मी तिला विचारलं, शकू म्हणजे काय?

"खांबाजवळची जागा, मॅडम," ती म्हणाली. "रूलमध्येच आहे."

रूलमध्ये असलं काही नाही. गंगासागर पोट धरून हसली आणि सांगायला तोंड उघडणार तोच मी तिचं मनगट दाबलं. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून त्या मुली अदबीने 'शकुंतला मॅडमच्या जागेवर' म्हणायला लागल्या असत्या, आणि तेवढ्यात खो हुकला असता.

रात्री तिच्याकडे ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. मिलच्या गोष्टी निघाल्या, पण गावाच्या नाहीत. सकाळी ऑटोत बसताना तिने माझ्या पाठीवर हात ठेवला.

घरी आले. कुलूप काढलं, दुधाची पिशवी बंद करायची राहिली होती म्हणून दोन दाराशी नासून पडल्या होत्या. इथे मी वॉचमनसाठी मॅडम आहे, शेजाऱ्यांसाठी काकू, बँकेत शकुंतलाबाई. या घरात शकू म्हणणारं शेवटचं माणूस सहा वर्षांपूर्वी गेलं. इतिहासाचं ते शेवटचं वाक्य मी खोडलं. त्याच्या जागी अजून काही सुचलेलं नाही.

संध्याकाळी उन्हं उतरली की घर फार शांत होतं. मी चहा करून खिडकीशी बसते. कप रिकामा झाला तरी बसूनच राहते. या वेळी विष्णुपुरीला डाव लागलेला असतो, आणि कुणीतरी ओरडत असतं की शकूला उठव. मग मी उठते, चपला घालते आणि फिरून येते.