तीनशे पट्ट्यांचं वर्तुळ

खुर्चीवर बसले की काका आधी उजवा हात मांडीखाली दाबून ठेवत. मग डाव्या हाताने चष्मा नाकावर नीट बसवत आणि म्हणत, "हां, सांग आता. पण घाई नको. आधी मोजू, मग बोलू."

दोन हजार सात-आठच्या सुमाराची गोष्ट. वडिलांची बँकेतली बदली झाल्यामुळे आम्ही जयपूरला होतो, आणि मी तिथल्या सी-स्कीम भागातल्या एका छोट्या कंपनीत वेबसाइट बनवत होते. दुपारी कंपनीचे मालक, आमचे सर, मागच्या खोलीत क्लास चालवत. चालवत म्हणजे, शिकवायचं काम माझ्या गळ्यात टाकून स्वतः फोनवर बोलत. कॉलेजची दहा-बारा मुलं यायची. त्यांच्यात एक दिवस साठी ओलांडलेले, कडक इस्त्रीचा बुशशर्ट घातलेले हे गृहस्थ येऊन बसले.

"मॅडम, ये रेघ किधर से चालू करने की?" त्यांनी विचारलं.

त्या 'रेघ'वरून मी ओळखलं. "काका, तुम्ही मराठी?"

"वर्ध्याचा. तू?"

"साताऱ्याची."

"मग काहून हिंदी बोलून राहिलो बाप्पा आपण?"

रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात त्यांनी तीस वर्षं नकाशे काढले होते. मी तेव्हा शिकवत होते कोड लिहून वेबपानावर आकृत्या काढायला. नव्या ब्राउझरमध्ये नुकतीच ही सोय आली होती. पानात एक कोरा कागद मांडायचा आणि त्याला सांगायचं, पेन इथे ठेव, तिथपर्यंत रेघ ओढ, आता उमटव. जागा सांगायची ती आकड्यांत, आणि मोजायला सुरुवात करायची कागदाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून.

"शून्य वर?" काकांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे आधी गच्ची बांधायची अन् मग पाया खणायचा!"

दोन दिवस ते या गोष्टीवर रुसून होते. तिसऱ्या दिवशी आलेखाची वही घेऊन आले, वरून खाली आकडे घातलेली.

पहिली रेघ काढायला त्यांना पाऊण तास लागला. डाव्या हाताने उजवं मनगट धरून ते एकेक कळ दाबत होते. हात इतका कापायचा की एका 'एल'चे तीन उमटत. मग मागे जाऊन दोन पुसायचे. शेवटी रेघ आली. वीतभर, काळी, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ. मुलांच्या पडद्यांवर तोवर घरं आणि मोटारी झाल्या होत्या. काका मात्र त्या एका रेघेकडे बघत राहिले.

"थरथरली नाही," ते म्हणाले.

त्या दिवशी क्लास सुटल्यावर त्यांनी मला सांगितलं. निवृत्तीला चार वर्षं असताना हात कापायला लागला. "पहिले वाटलं, चहा जास्त होऊन राहिला. चहा सोडला. मग साहेबांनी एका पुलाचा नकाशा परत पाठवला. बोलले काहीच नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून मला काम दिलं, जुने नकाशे कपाटात लावायचं."

त्यांची मुलगी जयपूरबाहेर बस्सीजवळच्या एका खेड्यात सरकारी शाळेत गणित शिकवायची. शाळेला कुणीतरी एक कॉम्प्युटर दिला होता आणि तो कापडाखाली झाकलेला होता. काकांनी ठरवलं, तिच्या सहावीच्या मुलींसाठी आकृत्यांची पानं करायची. त्रिकोण, चौकोन, वर्तुळ, कोन. दीड महिना ते त्यासाठी खपले. शेजाऱ्यापाजाऱ्यांना, भाजीवाल्या भैयाला, सगळ्यांना सांगून झालं. ठरल्या शनिवारी पानं सीडीवर घेऊन आम्ही दोघं बसने गेलो.

पान उघडलं. पांढरं. पुन्हा उघडलं. पुन्हा पांढरंच. वर 'वृत्त', म्हणजे वर्तुळ, एवढा हिंदी शब्द आणि खाली काही नाही.

शाळेतला ब्राउझर जुना होता, त्याला ही आकृत्यांची भाषा कळतच नव्हती. नवा घालायला पासवर्ड हवा, तो तालुक्याच्या कार्यालयात. दीड महिन्यात एकदाही मी विचारलं नव्हतं, की काका, तिथे मशीन कोणतं आहे?

"बाबा, राहू द्या, मतलब... नंतर बघू," मुलगी हळूच म्हणाली. जयपूरला वाढल्यामुळे तिचं मराठी अडखळतच यायचं.

पण चाळीस मुली वाट बघत होत्या. काकांनी खडू उचलला आणि फळ्यावर वर्तुळ काढायला घेतलं. काढायला नको होतं, पण काढलं. पुढच्या रांगेतली एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, "बाबा, आपका गोला तो काँप रहा है!" वर्ग हसला. त्या वयात पोरी हसणारच. काकाही हसले. खडू जागेवर ठेवून त्यांनी हात खिशात घातला. परतीच्या बसमध्येही तो हात खिशातच होता.

पुढचे आठ दिवस ते क्लासला आले नाहीत. नवव्या दिवशी मी रेल्वे क्वार्टरांमागच्या त्यांच्या घरी गेले.

"काका, चूक माझी आहे. मी आधी विचारायला हवं होतं."

"हो," ते म्हणाले. उगाच 'असू दे' वगैरे नाही. "मोजायचं राहिलं आपलं." मग म्हणाले, "त्या जुन्या ब्राउझरला येतं काय काय?"

"आडवे-उभे रंगीत चौकोन. बाकी काही नाही."

"चौकोन किती बारीक?"

"एका टिंबाइतका. पडद्यावरचा सगळ्यात लहान ठिपका."

त्यांनी आलेखाची वही ओढली. "मग अडलंय कुठे? वर्तुळ म्हणजे आडव्या पट्ट्याच ना, एकाखाली एक! वर आखूड, मधे लांब, खाली परत आखूड."

तीनशे टिंबं उंचीचं वर्तुळ, म्हणजे तीनशे पट्ट्या. प्रत्येकीची लांबी काटकोन त्रिकोणाच्या नियमाने काढायची. मी म्हटलं, "काका, तीन ओळींचा कोड लिहिला तर मशीनच मोजेल."

"मोजेल. पण पहिलं मी मोजतो. पुढची त्याला दे."

चार दिवस त्यांनी मोजलं. मी गुपचूप मशीनकडूनही मोजून घेतलं, तर बऱ्याच ठिकाणी एकेका टिंबाचा फरक. मी अपूर्णांक सरळ कापून टाकले होते. त्यांनी प्रत्येक वेळी जवळच्या आकड्याला नेलं होतं. त्यांचं वर्तुळ जास्त गोल होतं. माझ्या वाट्याला एकच कर्तबगारी आली. जुना ब्राउझर रिकाम्या पट्टीलाही अक्षराची उंची द्यायचा. तिथे अक्षराचा आकार शून्य करायचा, ही युक्ती मला सापडली.

पुन्हा शनिवार, पुन्हा बस. या खेपेला पान उघडलं आणि वर्तुळ आलं. कडा किंचित पायऱ्यापायऱ्यांची, पण भरीव, केशरी. तीच चुणचुणीत मुलगी पट्टी घेऊन पुढे आली. आडवं मोजलं, उभं मोजलं. "बाबा, आड़ा ज़्यादा है।" काका वाकले. त्या जुन्या मॉनिटरने चित्र आडवं ताणलं होतं. त्यांनी मॉनिटरची बटणं दाबून ते चेपत आणलं आणि पट्टी पुन्हा तिच्या हातात दिली. तिने मोजलं.

"बराबर!" ती ओरडली.

त्यानंतर ते दर शनिवारी जात. मुलींना चौकटीच्या वह्यांत पट्ट्या मोजायला लावत आणि त्यांचे आकडे मशीनला देत. त्यांनी झाडाचं पान, पतंग, चंद्रकोर केली. वर्षभराने मला पुण्यात नोकरी लागली, मी जयपूर सोडलं. फोनवर कळायचं की आता त्यांना टंकता येत नाही, ते आकडे सांगतात आणि मुली टंकतात.

पुढच्या हिवाळ्यात त्यांच्या मुलीचा फोन आला. काका गेले होते. थोडं रडून झाल्यावर ती म्हणाली, "बाबा मुलींसाठी अंडं काढत होते. वरचं अर्धं झालं, खालचं राहिलं. मुली विचारतात. तू करशील, मतलब... तुला जमेल?"

तिने वहीच्या पानांच्या प्रती पाठवल्या. मशीनला न विचारता, अंड्याचा फुगवटा नजरेने ठरवत मी तीन रविवार बसून खालच्या पट्ट्या मोजल्या. एकेक आकडा दोनदा तपासला आणि पाठवून दिला.

पंधरा दिवसांनी तिने सांगितलं, अंडं छान आलं, मुली खूश झाल्या. मग म्हणाली,

"ती एक मुलगी आहे ना, पट्टीवाली? ती पडद्याजवळ गेली. बराच वेळ बघत होती. मग मध्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, मॅडमजी, यहाँ तक बाबा का है। यहाँ से किसी और का।"